आरोपाखाली सही हवी

मंडळी, मराठेशाहीतल्या फिर्यादीचे आणि निवाड्याचे शब्द सांगायचे, असं मी कबूल केलंय. ते सांगणारच आहे. पण आधी आजचं एक वाक्य तुमच्यापुढे ठेवतो, कारण ते कितीतरी दिवस माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय: ‘आपणाविरुद्ध गंभीर स्वरूपाच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत.’

माझ्या एका सहकाऱ्याला अशी कारणे दाखवा नोटीस आली. एक पानी कागद. वर जावक क्रमांक, खाली ‘विषय’, त्याखाली ‘संदर्भ’, आणि संदर्भापुढे दोनच शब्द: ‘प्राप्त तक्रारी’. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपणास काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. तक्रार कोणाची, कधीची, कशाबद्दल, एक अक्षर नाही.

तो माझ्याकडे खुलासा लिहायला बसला. आणि मंडळी, हे नीट ऐका, तो स्वतःच्या चुका आठवायला लागला. कधीतरी लवकर निघालो होतो, ते असेल का? बैठकीत अमक्याला तोडून बोललो, ते? तासाभरात कागदावर सात-आठ गुन्हे झाले, सगळे त्यानेच शोधलेले. अंगावर नक्की काय आहे हे न सांगितलेल्या माणसाचं हे असं होतं. आरोप सिद्ध करणं आरोप करणाऱ्याचं काम. इथे आरोप तयार करण्याचं कामही आरोपीवर आलं. शेवटी मी ती यादी बाजूला ठेवायला लावली आणि एकच ओळ लिहवून घेतली: तक्रारीची प्रत मिळावी, म्हणजे खुलासा करता येईल. उत्तर आलं, तक्रारींचे स्वरूप गोपनीय आहे. पुढे काहीच झालं नाही. नोटीस मागे घेतल्याचं पत्रही आलं नाही. ती अजून त्याच्या सेवेच्या फाइलीत आहे, म्हणून मला राग येतो.

आता फौजदारी कायदा पाहा. तुम्ही ठाण्यात तोंडी खबर दिलीत तर ती लिहून घेतात, तुम्हाला वाचून दाखवतात, तुमची सही घेतात, प्रत फुकट देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. खटला उभा राहिला की न्यायालय आरोप निश्चित करतं. त्यात गुन्ह्याचं नाव, कलम, वेळ, ठिकाण, कोणाविरुद्ध घडला ते लिहावं लागतं. कलमं 234 आणि 235. खून केल्याचा आरोप असलेल्याला हे सगळं मिळतं, आणि नोकरीतल्या माणसाला ‘प्राप्त तक्रारी’!

वर्तमानपत्रांतही हेच. ‘त्यांच्यावर आरोप होत आहेत.’ पाऊस होतो, तसे आरोप होतात का? कोणीतरी करतो ना? शिवाय पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं की लगेच ‘आरोप निश्चित’ असं छापून येतं. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांनी तपासाअंती दिलेला अहवाल. आरोप निश्चिती न्यायाधीश करतात, आणि त्या टप्प्यावर आरोपी दोषमुक्तही होऊ शकतो.

इथे कोणी म्हणेल, नाव उघड झालं तर तक्रारदार जगेल का? प्रश्न रास्त आहे. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा घ्या. तिथे गोपनीयता कडक आहे, पीडितेचं नाव बाहेर जाता कामा नये. तरीही तक्रारीची एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला द्यावी लागते. इतक्या नाजूक बाबीत ते जमतं, तर इतरत्र का नाही?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो.

वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे आला की पहिला दावा सांगणारा तो अग्रवादी, त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांनी आधी राजीनामा लिहून द्यायचा. आजचा नोकरी सोडण्याचा नव्हे. सभा ठरवेल ते मान्य, असा राजी असल्याचा कागद. वर जामीन. मग दोघांच्या तकरीरी, म्हणजे आपापली बाजू लिहून. महजरात, म्हणजे सभेच्या निर्णयाच्या कागदात, हजर असलेल्यांची नावं. जिंकणाऱ्याला निवाडपत्र, आणि हरलेल्याने जिंकणाऱ्याला लिहून द्यायचं ते यजितखत: माझा दावा खोटा ठरला, पुन्हा सांगणार नाही. त्या काळाचे गोडवे गात नाहीये मी; साक्षी-पुरावा नसला की दिव्य होतं, उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा काढायचा. ते गेलं, बरं झालं.

पण राजीनामा आणि यजितखत, हे दोन कागद दावा करणाऱ्यालाही बांधून ठेवत होते. आज भारतीय न्याय संहितेत कलम 248 आहे, इजा पोचवण्याच्या हेतूने गुन्ह्याचा खोटा आरोप करणाऱ्यासाठी. कार्यालयातल्या निनावी तक्रारीला ते कुठून लागणार? म्हणून माझी मागणी छोटी आहे. कारणे दाखवा नोटिशीच्या नमुन्यात तीन रकाने छापा: कोणतं कृत्य, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी. नाव झाकायचं असेल तर झाका. तीन रकाने रिकामे असतील, तर त्या कागदाला जावक क्रमांक मिळता कामा नये.