एका ताटात स्पॅगेटी आणि तळलेली कोंबडी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत, आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात टोंटीटाऊन नावाचं गाव आहे. तिथे जेवायला बसलात तर एकाच ताटात स्पॅगेटी आणि तळलेली कोंबडी वाढली जाते. इटलीतला माणूस हे ताट बघून कपाळावर हात मारेल. टोंटीटाऊनकरांना मात्र त्यात काही वावगं वाटत नाही.

गोष्ट सुरू होते १८९५ साली. ऑस्टिन कॉर्बिन नावाच्या न्यूयॉर्कच्या धनाढ्याचा आर्कान्साच्या दुसऱ्या टोकाला, मिसिसिपी नदीकाठी सनीसाइड हा कापसाचा मोठा मळा होता. राबायला माणसं हवीत म्हणून त्याने उत्तर आणि मध्य इटलीतून शेतकरी कुटुंबं आणवली. प्रत्येकाला साडेबारा एकर जमीन, एकरी १६० डॉलर भाव, पैसे हप्त्याने फेडायचे. म्हणजे बोटीतून उतरताच डोक्यावर कर्ज. पुढच्याच वर्षी कॉर्बिन घोडागाडीच्या अपघातात गेला, आणि मळ्यावर हिवतापाने ठाण मांडलं. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत शोधून काढलं ते १८९७ साली. इकडे ही माणसं त्याच सुमाराला तळ्याकाठी डासांत राहत होती आणि आपली माणसं पुरत होती.

त्यांच्यासोबत पिएत्रो बांदिनी नावाचे पाद्री होते. त्यांनी डोंगराळ ओझार्क भागात जमीन शोधली आणि १८९८ साली चाळीसेक कुटुंबं घेऊन ते तिकडे गेले. हवा बरी होती, पण जमीन दगडाळ. सुरुवातीला पुरुष कोळशाच्या खाणीत मजुरीला जात, मागे बायका-मुलं रान साफ करत.

गावाला नाव दिलं आंरी द टोंटी यांचं. हा मूळ इटालियन वंशाचा, फ्रेंचांच्या चाकरीतला सतराव्या शतकातला शोधप्रवासी. लढाईत एक हात गमावल्यावर त्याने धातूचा हात बसवला होता. आपण इथे उपरे नाही, आपला माणूस दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेलाय, हे शेजाऱ्यांना सांगायची केवढी सोय!

मग द्राक्षं आली. ती इटलीची नव्हेत बरं का! काँकॉर्ड ही अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्समध्ये तयार झालेली जात. निळी-काळी, जाड सालीची. बोटांत दाबली की साल हातात राहते आणि आतला गर सुळकन तोंडात जातो. वास इतका उग्र, की वेलीजवळून गेलात तरी कळावं. मग १९२० साली देशभर दारूबंदी आली. द्राक्षं पिकवणाऱ्यांवर खरं तर आभाळच कोसळायचं, पण त्याच दशकात शेजारच्या स्प्रिंगडेलमध्ये वेल्च कंपनीचा द्राक्षरसाचा कारखाना उभा राहिला आणि मळे तगले.

ऑगस्टमध्ये आजही चर्चच्या आवारात द्राक्षोत्सव भरतो. पहिल्या वर्षीच्या आभाराच्या जेवणातून तो वाढत गेला. उत्सवाच्या आधी गावकरी एकत्र जमून स्पॅगेटी हाताने करतात: कणीक मळायची, लाटायची, कापायची, वाळवायची. आपल्याकडे उन्हाळ्यात शेवया व्हायच्या, अगदी तशीच लगबग. आणि शेजारी कढईत, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रीतीने, कोंबडी तळली जाते.