फियाट स्टार्ट घेत नाही: करंट की पेट्रोल?

नमस्कार श्रोतेहो.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या सगळ्यांची फियाट. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरोघरी जिवापाड सांभाळलेल्या फियाट अजून आहेत. त्या रोज चालत नाहीत, आणि उभी गाडीच जास्त बिघडते. पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढायची म्हटलं की सेल्फ मारून मारून हात दुखतो. मग आधी प्लग बदलले जातात, नंतर ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारी कॉइल, शेवटी बॅटरी. पैसे जातात आणि दोष होता तिथेच राहतो. तेव्हा आज एवढंच बोलू या, की एकही वस्तू विकत आणण्याआधी दोष करंटचा आहे की पेट्रोलचा, हे कसं ओळखायचं.

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे पार मंदावले आणि इंजिन जेमतेम कण्हलं, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल नीट बसलेलं नाही. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प, तर सेल्फपर्यंत करंट जातच नाही; सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइड, त्याची वायर आणि स्विच बघा. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर दहा सेकंद सेल्फ मारून लगेच टर्मिनलांना आणि अर्थच्या पट्टीच्या, म्हणजे बॅटरीला गाडीच्या धातूशी जोडणाऱ्या पट्टीच्या, दोन्ही टोकांना हात लावा. जो जोड गरम लागेल, तिथेच करंट अडतोय. बॅटरीची अर्थ वायर आधी सोडा, जोड पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थची पट्टी स्वस्त असते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. जुन्या गाडीत मात्र निम्मा त्रास तिचाच असतो.

आता समजा, सेल्फ झकास फिरतोय, पण इंजिन घेत नाही. एक प्लग काढा, त्याची वायर परत त्याला जोडा आणि प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकवून ठेवा, प्लगच्या भोकापासून दूर. उघड्या हातानं धरू नका. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटक वाजणारी ठिणगी आली, तर करंटची बाजू बहुतेक निर्दोष. पिवळी, पुसट आली किंवा आलीच नाही, तर प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे वळा. गॅरेजात याला डेल्को म्हणतात.

इथे १२ व्होल्टचा साधा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक वायर अर्थला, दुसरी कॉइलच्या त्या टोकाला, जिथून बारीक वायर डेल्कोकडे जाते. चावी ऑन करून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला, तर पॉइंट, म्हणजे डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडझाप करताहेत. सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट टेकत नाहीत किंवा त्यांवर थर बसलाय. अजिबात पेटला नाही, तर ती बारीक वायर कॉइलवरून सोडा. आता पेटला, तर डेल्कोच्या आत काहीतरी अर्थ होतंय किंवा पॉइंट उघडतच नाहीत. तरीही नाही पेटला, तर चावीकडून कॉइलपर्यंत करंट येत नाही.

पॉइंट जवळून बघा. बरेच दिवस उभ्या गाडीत त्यांवर करडी साय धरते. जाड, कोरडा कागद दोन्हींच्या मधून दोन-चारदा ओढला की ती जाते. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ दिसलं, तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीवर घ्या. नुसते पॉइंट बदलले, तर नवेही असेच जळतील. दोन पॉइंटमधली फट फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्तीनं, साधारण ०.४५ मिलिमीटर ठेवा. आणि चावी ऑन करून गाडी तशीच सोडू नका. पॉइंट टेकलेले असले की कॉइल तापून निकामी होते.

कॉइलच्या मधल्या जाड वायरला ठिणगी आहे पण प्लगला नाही, असं असेल तर डेल्कोचं झाकण, म्हणजे कॅप, आणि तिच्या आत फिरणारा रोटर तपासा. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते, ती कोरड्या फडक्यानं पुसा. आतल्या बाजूला पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर पुसून उपयोग नाही, कॅप बदला. वायरी काढल्या असतील, तर सिलिंडरांच्या ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा लावा.

ठिणगी चांगली आहे? मग पेट्रोल. एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हातानं ॲक्सिलरेटर झटकन ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली, तर बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. नाही दिसली, तर कॉइलची बारीक वायर सोडून ठेवा, कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्यानं पेट्रोल पडायला हवं. आसपास कुणी विडी-सिगारेट पेटवणार नाही, याची खात्री आधी करा.

पेट्रोल येत नसेल, तर पहिला संशय टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपवर. तिथे केसाएवढी चीर असली तरी पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, आणि खाली थेंबही गळत नाही, म्हणून ती चीर सापडत नाही. दुसरा संशय पंपाच्या डायफ्रामवर, म्हणजे आतल्या लवचीक पडद्यावर. ऑइलची दांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर डायफ्राम फाटलाय. पातळ झालेल्या त्या ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवू नका. डायफ्राम आणि ऑइल दोन्ही बदला.

उलट प्लग ओलेचिंब निघाले, तर ओव्हरफ्लो झालाय. चोक ओढलेला नको, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंपासारखा मारू नका, आणि सेल्फ द्या. पुन्हा पुन्हा असं होत असेल, तर बाउल भरला की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची नीडल कचऱ्यानं अडकलीय.

आता इथेनॉलबद्दल. सध्याच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं आणि ते हवेतलं पाणी धरून ठेवतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी उतरतं, आणि पंप तेच आधी ओढतो. जुने रबरी पाइप आणि डायफ्रामही त्यात फुगतात, म्हणून बदलताना इथेनॉल सोसणारेच मागा. पेट्रोल तीन-चार महिने जुनं असेल, तर तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करा, बाउल आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, साफ करा, मगच नवं भरा. पाइप आणि बाउल रिकामे असल्यानं त्यानंतर गाडी लगेच घेणार नाही. दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. तीन-चार वेळा तरी असं करावं लागेल.