नरक्याचं झाड आणि औषधाला न जुमानणारा कॅन्सर

काचेच्या बशीला चिकटलेल्या या पेशी बघा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या आहेत, आणि यांच्यावर फाइव्ह-एफयू टाकलंय, १९५७ साली आलेलं औषध, आजही या कॅन्सरची केमो बहुतेक वेळा याच्याच जोरावर चालते. डीएनए बनवायला लागणारं एक एन्झाइम ते बंद पाडतं आणि पेशी मरतात. पण सगळ्या मरत नाहीत ना. काही पेशी तेच एन्झाइम इतकं जास्त बनवायला लागतात की औषध पुरतच नाही, मग त्याच उरतात, त्याच वाढतात, आणि एक दिवस डॉक्टर सांगतात की आता हे लागू पडत नाहीये.

इथे एक झाड कामाला आलं.

आपल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्यासोबत काम करत होते, आणि १९६६ मध्ये या दोघांनी एका चिनी झाडाच्या खोडातून कॅम्पटोथेसिन नावाचा, कॅन्सरच्या पेशी मारणारा रेणू वेगळा काढला. पेशंटवर देऊन बघितलं तर मूत्राशयाला इतका त्रास व्हायला लागला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. संपलंच होतं सगळं. १९८५ मध्ये कळलं की हे मारतं कसं, आणि मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे.

डीएनए म्हणजे पिळलेली सुतळी, एका टोकाने उलगडत गेलं की पुढे पीळ घट्ट बसत जातो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम एक पदर कापतं, पीळ मोकळा करतं आणि पदर परत जोडतं. कॅम्पटोथेसिन बरोबर त्या कापात जाऊन बसतं, जोडूच देत नाही. मागून डीएनएची कॉपी करणारी यंत्रणा येते, तिथे आदळते, आणि दोन्ही पदर तुटतात. एन्झाइम वाढवून वाचायची सोय इथे नाही, हे एन्झाइम जितकं जास्त तितके अडकलेले काप जास्त!

जपानमध्ये या रेणूत बदल करून इरिनोटेकॅन तयार झालं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती नेमकी फाइव्ह-एफयूनंतरही ज्यांचा आजार वाढला अशा आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी.

हेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. आणि या कॅम्पटोथेसिनपायी कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलात चोरून झाडं तोडली गेली, लाकडाचे तुकडे करून पोत्यात भरून नेली गेली, हे बघून खरंच जीव तुटतो. आणि कुणी नरक्याचा काढा करून पिऊ नका प्लीज, मूळ रेणू विषारीच आहे.

पण पेशी इरिनोटेकॅनलाही चकवायला शिकतात. त्यांच्या आवरणात पंप असतात, आत आलेलं औषध ते बाहेर फेकतात. हा पंप अडवायला हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन लॅबमध्ये वापरून बघतायत, आणि बशीत पंप मंदावतोही. पेशंटच्या शरीरात गोष्ट वेगळी, कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं, गिळलेलं बरंचसं तसंच आतड्यातून खाली जातं. म्हणजे जाता जाता ते आतड्याच्या अस्तराला मात्र थेट भेटतं, आणि म्हणूनच हळदीवर काम करणारे कितीतरी लोक याच कॅन्सरपाशी थांबलेत.