वजनात कमी भरलेल्यांचा दिग्दर्शक : लिनो ब्रोका

(पडद्यावर : समुद्र, उभा कडा, पायथ्याशी वस्ती)

हवाई बेटांमधलं हे मोलोकाई. पुढे समुद्र, मागे कडा आणि मध्ये कुष्ठरोग्यांची वसाहत. साठच्या दशकात फिलिपिन्सचा एक तरुण धर्मप्रचारक म्हणून इथे आला. लिनो ब्रोका. जन्म १९३९चा. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेलं.

मायदेशी परतल्यावर त्यानं नाटक धरलं, मग सिनेमा. पण मोलोकाई त्याच्या मनातून गेलं नसावं. १९७४च्या त्याच्या चित्रपटात गावानं दूर लोटलेला एक कुष्ठरोगी आहे आणि त्याच्यासोबत राहणारी एक वेडी बाई. चित्रपटाच्या नावाचा अर्थ : 'तोललं तुला, पण कमी भरलास.' कमी भरतं ते गाव.

(पडद्यावर : तोंदोच्या गल्ल्या)

तेव्हा फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा लावलेला होता. मनिलाची गरिबी पडद्यावर दिसणं सत्तेला नको होतं. ब्रोकानं कॅमेरा नेला तो थेट मनिलातल्या तोंदोच्या झोपडपट्टीत. 'इन्सियांग', १९७६. सुरुवातच कत्तलखान्यात, डुकरं कापली जाताना. मग ती दाटीवाटीची घरं आणि आईच्या प्रियकरानं जिच्यावर बलात्कार केला ती मुलगी. हिल्डा कोरोनेलचा चेहरा नीट बघा. सूड मनात पक्का होत जातो, तसा तो चेहरा थंड होत जातो. इतकी शांत चीड मी फार थोड्या चित्रपटांत पाहिली आहे. १९७८मध्ये हा चित्रपट कान महोत्सवात पोहोचला. तिथे दाखवलेला पहिला फिलिपिनो चित्रपट हाच.

१९८५च्या जानेवारीत जीपनी, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाड्या, चालवणाऱ्यांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून ब्रोकाला अटक झाली. त्याच वर्षी त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत आपले बाबा आमटेही होते. एक आनंदवनाचे, एक मोलोकाईहून आलेला. त्या यादीतली ही दोन नावं मला कायम शेजारी शेजारीच दिसतात.

मार्कोस गेले. १९८६मध्ये नवी राज्यघटना लिहिणाऱ्या आयोगावर ब्रोकाची नेमणूक झाली. भाषणस्वातंत्र्याच्या कलमात 'अभिव्यक्ती' हा शब्द आला तो त्याच्या आग्रहामुळे. पुढे त्यानं आयोगाचा राजीनामा दिला. १९८९मध्ये त्यानं नव्या सरकारच्या काळातल्या सशस्त्र टोळ्यांवर चित्रपट केला, तर तोही मायदेशी दाखवू दिला नाही.

मे १९९१. क्वेझॉन सिटीत मोटार अपघात. वय ५२.

(पडद्यावर : २०१५, कान. नव्यानं दुरुस्त केलेल्या प्रतीत पुन्हा तोच कत्तलखाना, तीच तोंदो.)