उपग्रहाचा रोख

श्रोतेहो, नमस्कार. पवईला एरोस्पेस अभियांत्रिकी शिकवताना माझे संशोधन प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती राहिले: अवकाशात गेलेल्या यानाचे तोंड हव्या त्या दिशेला वळवायचे कसे आणि तिथे टिकवायचे कसे? भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी स्थिर दिसणारा उपग्रह, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याचा रोख अंशाच्या एक दशांशाने ढळला, तरी जमिनीवरचा नेम साठेक किलोमीटर सरकतो, म्हणजे चर्चगेटवर धरलेला नेम थेट विरारला जातो.

तिथे रेटा द्यायला ना जमीन असते ना हवा. म्हणून यानाच्या पोटात मोटरवर फिरणारी चक्रे बसवतात. चक्राची गती एका दिशेने वाढवली की कोनीय संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार, म्हणजे बाहेरून पीळ न मिळाल्यास फिरण्याचा एकूण संवेग बदलत नाही म्हणून, यान उलट दिशेला वळते. सूर्यप्रकाशाचा अतिशय सूक्ष्म दाबही यानाला सतत ढकलत असतो, आणि तो सोसता सोसता चक्रांचा वेग मर्यादेपर्यंत वाढतो. मग तो उतरवण्यासाठी छोटी रॉकेट इंजिने वापरावी लागतात. पृथ्वीजवळच्या कक्षेत मात्र तिच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेता येतो. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रक्षेपित झालेल्या, जेमतेम दहा किलो वजनाच्या ‘प्रथम’ उपग्रहात रोख सांभाळण्यासाठी अशीच चुंबकीय वेटोळी, म्हणजे वीज सोडली की चुंबक बनून पृथ्वीच्या क्षेत्राशी रेटा घेणारी तारेची वेटोळी, होती.

मला मात्र सर्वांत अधिक गुंतवून ठेवले ते १९५८ सालच्या ‘एक्सप्लोरर १’ या अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाने. हा लांबट उपग्रह स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरत राहील असा हिशेब होता, आणि संपूर्ण ताठ वस्तूसाठी तो अचूकही होता. पण त्याच्या चार लवचिक अँटेना हलत राहिल्या, त्या हालचालीत ऊर्जा खर्ची पडली, आणि कोनीय संवेग तितकाच राहून ऊर्जा घटल्यामुळे उपग्रह काही तासांतच आडव्या अक्षाभोवती गरगरू लागला. समीकरणात नगण्य मानलेली लवचिकताच निर्णायक ठरली. आजच्या यानांना तर लांबलचक सौरपंख असतात आणि टाक्यांत इंधन हिंदकळत असते. यान झटक्यात वळवावे तर पंख थरथरतात आणि कॅमेऱ्याचे चित्र पुसट होते, सावकाश वळवावे तर निरीक्षणाची वेळ निघून जाते; म्हणून पंखांच्या नैसर्गिक कंपनाला चेतवणार नाही अशा बेताने बल कसे द्यावे, हे शोधण्यातच आमची बरीच वर्षे गेली. कागदावर हा विषय रूक्ष दिसतो. माझ्या मते अभियांत्रिकीत याहून सुंदर गणित फार थोडे आहे.

इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीचे उदाहरण मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगतो. अचूक रोखासाठी किमान तीन चक्रे हवी असताना २०१३ मध्ये तिच्या चारांपैकी दुसरे चक्रही निकामी झाले. तेव्हा अभियंत्यांनी तिच्या पृष्ठभागावर सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना समसमान पडेल अशा बेताने तिला उभे केले. एरवी यानाला ढळवणारा तोच दाब तिसऱ्या अक्षाचा आधार झाला, आणि उरलेली दोन चक्रे व अधूनमधून इंजिनांची मदत यांवर ती २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत नवनवे ग्रह शोधत राहिली.