थंडीत इलेक्ट्रिक गाडी: आल्या आल्या वायर लावा

नमस्कार मंडळी. डिसेंबर लागला की नागपुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो, की भाऊ, इलेक्ट्रिक गाडी घेतली खरी पण थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाणार तो आकडा, काहून कमी दाखवते, बॅटरी खराब झाली का? तर आधी हेच सांगून टाकतो की नाही, खराब नाही झाली. थंडीत कमी झालेली रेंज फेब्रुवारीत ऊन तापलं की आपोआप परत येते. बॅटरीचं आयुष्य खरं कमी करतं ते आपलं मे महिन्याचं ऊन, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही!

आणि आपली थंडी ती किती? नागपुरातला नीचांक 29 डिसेंबर 2018 चा, 3.5 अंश. त्या दिवशी सगळं शहर शेकोटीला बसलं होतं, तरी शून्याच्या वरच. तिकडे नॉर्वेत महिनोन् महिने बर्फ असतो आणि तिथे 2024 साली विकलेल्या दर 10 नव्या कारपैकी जवळपास 9 इलेक्ट्रिक होत्या. म्हणजे थंडीत या गाड्या चालतात, फक्त चालवायची आणि चार्ज करायची रीत थोडी बदलावी लागते.

आता आत नेमकं होतं काय ते बघू. बॅटरीच्या सेलमध्ये एक द्रव असतो, त्यातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात. थंडीत आपलं खोबरेल तेल कसं बाटलीतून निघता निघत नाही, तसा तो द्रव जरा दाट होतो आणि आयनांची चाल मंदावते. गाडी चालवताना हे फारसं जाणवत नाही, जाणवतं ते चार्जिंगला. शून्याखाली जबरदस्ती चार्ज केलं तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी वरच धातूचा थर होऊन बसतं आणि ते कायमचं नुकसान, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर आधीपासूनच करंट कमी करत जातो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत, जी आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आहे, हा मंदपणा जास्तच असतो. त्यामुळे सकाळी 6 ला गारठलेली गाडी घेऊन फास्ट चार्जरवर गेलात आणि 50 किलोवॅटच्या मशीनवर आकडा निम्माच दिसला तर मशीनला शिव्या देऊ नका, गाडीच स्वतःहून हळू घेतेय.

म्हणून एकच सवय लावा, ऑफिसातून घरी आलात की आल्या आल्या वायर लावा. गाडी चालून आलेली असते तेव्हा बॅटरी कोमट असते, तीच गाडी रात्रभर अंगणात उभी राहिली की सकाळपर्यंत गार पडते. घरच्या 3.3 किलोवॅटच्या चार्जरला तसा थंडीचा फार फरक पडत नाही म्हणा, पण गाडीत टायमर असेल तर चार्जिंग पहाटे संपेल असं लावा, निघताना बॅटरी जरा उबदार मिळते. आणि बाहेरगावी जाताना फास्ट चार्जिंग करायचंच असेल तर निघताना नाही, शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर करा.

आता हीटर. खरा चोर हा आहे बापा. पेट्रोल गाडीत इंजिनाची उष्णता फुकट मिळते, इथे साध्या गाड्यांत हीटर म्हणजे चक्क विजेची शेगडी, सुरुवातीला 3-4 किलोवॅट ओढते. आता हिशोब बघा, सीताबर्डीच्या गर्दीत गाडी ताशी 25 ने चालतेय, तर चालवायलाच साधारण 3 किलोवॅट लागतात. म्हणजे तेवढा वेळ जितकी वीज चाकांना तितकीच हीटरला! धरमपेठ ते महाल अशा छोट्या छोट्या फेऱ्यांत हे जास्त होतं, कारण दर वेळी थंड पडलेली केबिन पहिल्यापासून तापवायची. समृद्धीवर ताशी 100 ला तसं नाही, तिथे चालवायलाच 16-18 किलोवॅट जातात, एकदा आत ऊब आली की हीटर त्यात किरकोळ. तिथे वेगच खातो, शिवाय 8 अंशाची हवा 40 अंशाच्या हवेपेक्षा दहाएक टक्के जड असते, ती कापत जावं लागतं. सीट हीटर असेल तर तोच लावा, नाहीतर स्वेटर आहेच की. काचेवर वाफ धरली तर मात्र कंजुषी नको, एसी सुरू करून हवा काचेवर सोडा, दोन मिनिटांत साफ.

टायरची हवा पण बघून घ्या, दर 10 अंश उतरले की दीड-दोन पीएसआय कमी होते, मे मध्ये भरलेली डिसेंबरला पुरत नाही.

आणि नाताळात चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. ते 1100 मीटरवर, नागपूरपेक्षा चांगलंच थंड. लोक काय करतात, हॉटेलवर प्लग मिळाला की रात्रभर लावून 100 टक्के करतात आणि सकाळी घाट उतरायला लागतात. बॅटरी भरलेली, वरून गार, तर उतारावरची वीज ती घेणार कुठे? रीजन, म्हणजे पाय सोडला की मोटर गाडीला अडवत वीज परत बॅटरीत भरते ते, बंद पडतं किंवा अगदी कमी होतं, पाय सोडला तरी गाडी अडत नाही, रोजची सवय असलेला माणूस पहिल्याच वळणावर दचकतो आणि मग सगळा भार साध्या ब्रेकवर. वर 80 वरच थांबवा. परतवाड्यापर्यंत 700-750 मीटरचा उतार आहे, दीड टनाच्या गाडीला त्यातून हिशोबाने तीनेक युनिट निघतात, सगळी नाही पण बरीचशी परत बॅटरीत जातात, फक्त तिच्यात जागा पाहिजे आणि घाटात ब्रेकही गार राहतात.