‘भारी आहे’च्या पुढं काय सांगायचं?

मंडळी, पिक्चर बघून आलेल्या माणसाला आपण विचारतो, “कसा आहे?” उत्तर येतं, “भारी आहे,” नाहीतर “बोर आहे, नको बघूस.” या दोन शब्दांवर समोरचा माणूस घरच्या चौघांची तिकिटं काढायची का, किंवा आठ भागांच्या सिरीजला सहा तास द्यायचे का, हे ठरवतो. म्हणून निकालाआधी काय सांगावं, यावर मी आज बोलणार आहे.

सुरुवात कशावर बघितलं यापासून करा. थिएटर, टीव्ही की मोबाईल? मूळ भाषेत की हिंदी डबिंगमध्ये? मल्याळी सिनेमा डबिंगमध्ये बघून “नायकाचा अभिनय सपाट वाटला” म्हणणं बरोबर नाही, कारण आवाज बहुतेक वेळा त्या नटाचा नसतोच. अभिनयाबद्दल बोलायचं असेल तर मूळ आवाज ठेवा आणि सबटायटल लावा.

टीव्हीवर “सिनेमा मालिकेसारखा दिसतो” ही तक्रार नेहमी ऐकू येते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. नवे टीव्ही दोन चित्रांच्या मधे स्वतः तयार केलेली जास्तीची चित्रं घालतात, त्यामुळं हालचाल गुळगुळीत होते आणि सगळं स्टुडिओत घेतल्यासारखं वाटतं. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी आली की आवाज अंगावर येतो, ही दुसरी तक्रार. ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठी केलेला आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबला की असं होतं. ॲपमध्ये आवाजाचे पर्याय असतील तर ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ निवडा. आणि दीडपट वेगानं बघितलं असेल तर कथेबद्दल बोला, पण दिग्दर्शनाबद्दल गप्प बसलेलं बरं. दोन संवादांमधली शांतता किती ठेवायची हे दिग्दर्शकानं ठरवलेलं असतं, आणि वेगात पहिल्यांदा तीच जाते.

आता कथा किती सांगायची? पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जे कळतं, ते मोकळेपणानं सांगावं. त्यापुढचं विचारून सांगावं. शेवटाबद्दल बोलूच नये असं मात्र नाही. २०१६ च्या ‘सैराट’चं बघा. पूर्वार्ध अजय-अतुल यांच्या भरगच्च वाद्यवृंदानं भरलेला आहे, आणि शेवटच्या प्रसंगात संगीत पूर्ण थांबतं. एवढं सांगितलं तर काय घडतं ते फुटत नाही, पण प्रेक्षक कुठं कान द्यायचा ते शिकतो. “शेवट बघून रडू आलं” यापेक्षा हे सांगणं कितीतरी उपयोगाचं आहे.

सिरीजबद्दल बोलताना कितव्या भागापर्यंत बघितली ते आधी सांगा. बऱ्याच सिरीज चौथ्या ते सहाव्या भागात ढेपाळतात. अडीच तासांची गोष्ट सहा तासांवर ताणायची, तर मधे उपकथानकं घालावी लागतात. स्वतःला एक प्रश्न विचारा: हे उपकथानक काढलं तर शेवटच्या भागात काही अडतं का? अडत नसेल तर तो भराव आहे, आणि तसं नाव घेऊन सांगता येतं.

घरात सगळ्यांसोबत बघता येईल का, हा आपल्याकडं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर ७+, १३+, १६+ असे वयोगट दाखवावे लागतात, सोबत हिंसा, भाषा अशी कारणंही. तेवढ्यावर थांबू नका. “शिव्या पहिल्या भागापासून आहेत, मारहाण पाचव्यात आहे,” असं सांगितलं की आई-बाप नीट ठरवू शकतात.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपल्या भागावरचा सिनेमा आला की त्यावर मराठवाड्यानं बोललं पाहिजे, कारण त्यातलं खरं-खोटं इथल्या माणसाला दिसतं. बीडचा शेतकरी “काय करायलास?” म्हणण्याऐवजी “काय करतुयास?” म्हणत असेल, तर तो पश्चिम महाराष्ट्राकडचा झाला. काळ्या रानाच्या जागी तांबडी माती दिसली, तर चित्रीकरण दुसरीकडं झालंय. गोष्ट १९४० च्या दशकातली असेल आणि व्यवहार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात नसेल, कचेरीत उर्दू नसेल, तर लेखकानं निजामाचं राज्य लक्षातच घेतलेलं नाही.

पण सगळ्या चुका सारख्या धरू नका. मातीचा रंग चुकला, तर बहुतेक वेळा पैशांची अडचण असते; ते मोठ्या मनानं सोडावं. ऊसतोडीवरच्या सिनेमाचं मात्र वेगळं आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, म्हणून ती दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. सिनेमात ही उचलच नसेल आणि माणसं नुसती कष्ट करताना दिसत असतील, तर त्यांच्या हाल-अपेष्टांचं कारणच गाळलेलं आहे. तिथं छायाचित्रण कितीही सुंदर असलं तरी मी तो सिनेमा कमअस्सल म्हणेन. चूक सांगताना ती गोष्टीच्या मुळाशी आहे की कडेला, एवढं तपासा.

वाचनालयात पिक्चर दाखवून चर्चा ठेवायची असेल, तर पडदा बंद झाल्यावर लगेच माईक फिरवू नका. पाच मिनिटं जाऊ द्या. पहिल्या फेरीत प्रत्येकानं फक्त एक दिसलेली किंवा ऐकू आलेली गोष्ट सांगायची. आवडलं-नावडलं दुसऱ्या फेरीत. माणशी दोन मिनिटं पुरतात. ज्यांना आवडला नाही त्यांना दुसऱ्या फेरीत आधी बोलू द्या, कारण चार-पाच जणांनी कौतुक केल्यावर विरोधात बोलायला माणूस कचरतो. आणि सिनेमा ऊसतोडीवरचा असेल, तर फडात कोयता चालवलेलं कुणी बसलेलं असल्यास पहिली फेरी त्यांच्यापासून सुरू करा. प्राध्यापकांना शेवटी बोलवलं तरी चालतं.